चिंचोके, संख्यारेषा आणि चौकटीची वही: उणे संख्यांची गणितं डोळ्यांना दिसतील अशी

−३ − ५ किती, असं सहावी-सातवीतल्या मुलांना विचारून बघा. बरीच मुलं ‘अधिक आठ’ म्हणतात. कसं काय, असं विचारलं की लगेच उत्तर येतं: ‘उणे उणे अधिक.’ नियम चोख पाठ आहे. पण तो गुणाकाराचा नियम आहे आणि इथे गुणाकार कुठेच नाही. मुलाने दोन उणे चिन्हं पाहिली आणि नियम लावून टाकला. असं चुकलं की आपण आणखी एक नियम देतो: ‘चिन्हं सारखी असतील तर बेरीज करून तेच चिन्ह द्यायचं, वेगळी असतील तर मोठ्यातून लहान वजा करायचं.’ मग दोन्ही नियमांची सरमिसळ होते आणि मूल अंदाजपंचे चिन्ह ठोकून द्यायला लागतं.

माझं म्हणणं एवढंच, की नियम शेवटी यावा. आधी प्रत्येक क्रियेचं चित्र हाताखालून जावं. बेरीज म्हणजे काय होतं, वजाबाकी म्हणजे काय होतं, हे मुलाने टेबलावर घडताना बघितलं की नियम त्याचा तोच शोधून काढतो, आणि स्वतः शोधलेला नियम भलत्या जागी लावत नाही. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी सहावीत आणि गुणाकार-भागाकार सातवीत येतो. खाली दिलेला क्रमही तोच आहे. घरी करा किंवा वर्गात, घाई मात्र करू नका. वजाबाकीला तर सगळ्यात जास्त वेळ द्या.

साहित्य

वीस-पंचवीस चिंचोके घ्या. खडबडीत दगडावर किंवा फरशीवर प्रत्येकाची एकच बाजू घासा. वरचं तपकिरी साल निघून आतला पांढरा गर दिसला की थांबा. जुन्या पटावरच्या खेळांत दान टाकायला असेच चिंचोके वापरत. आपल्याला त्यांचा फायदा असा, की एकाच बीला दोन बाजू मिळतात. पांढरी बाजू वर असेल तर +१, काळपट बाजू वर असेल तर −१. उलटा केला की विरुद्ध संख्या.

चिंचोके मिळाले नाहीत तर कॅरमच्या सोंगट्या चालतील: पांढरी +१, काळी −१. उलटायच्या ठिकाणी एका रंगाची उचलून दुसऱ्या रंगाची ठेवायची, एवढाच फरक. लेखात मी पांढऱ्यासाठी ○ आणि काळ्यासाठी ● अशी खूण वापरतो. याशिवाय एक चौकटीची वही, पेन्सिल आणि पट्टी लागेल.

बोलण्याची एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. संख्येच्या चिन्हाला ‘उणे’ म्हणायचं आणि क्रियेला ‘वजा’. ३ − (−२) हे ‘तीन वजा उणे दोन’ असं वाचायचं. कागदावर दोन्ही आडव्या रेघा सारख्याच दिसतात, पण एक रेघ संख्या कोणती ते सांगते आणि दुसरी काय करायचं ते सांगते. मूल मोठ्याने असं वाचायला लागलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

शून्याची जोडी

एक पांढरा आणि एक काळा शेजारी ठेवा: ○●. किंमत किती? +१ आणि −१ मिळून शून्य. ही शून्याची जोडी. टेबलावर अशा कितीही जोड्या आणून ठेवल्या किंवा उचलून नेल्या, तरी एकूण किंमत तसूभरही बदलत नाही.

पुढच्या सगळ्या गोष्टी यावर उभ्या आहेत, म्हणून इथे रेंगाळा. मुलाला सांगा, ‘+३ मांड.’ ते ○○○ मांडेल. मग म्हणा, ‘पाच चिंचोके वापरून +३ मांड.’ थोडा विचार करून ○○○○● येईल. ‘आता सात वापरून.’ ○○○○○●●. ‘सहा वापरून जमेल का?’ जमत नाही. का जमत नाही, ते त्यालाच शोधू द्या. जोडी आली की दोन चिंचोके वाढतात, त्यामुळे तिनाच्या पुढे ५, ७, ९ असेच आकडे येतात. मग −२ ची वेगवेगळी रूपं करायला सांगा. शून्याचीही करा.

एकच संख्या अनेक वेशांत मांडता येते हे मुलाला सहज वाटू लागलं की पुढे जा. त्याआधी नको.

बेरीज

बेरजेत फारसं काही नाही. दोन्ही ढीग एकत्र करायचे, जोड्या बाहेर काढायच्या आणि उरलेले मोजायचे.

−७ + ४ घ्या: ●●●●●●● आणि ○○○○. चार जोड्या निघून जातात, ●●● उरतात. उत्तर −३. आणि −३ + (−५) मध्ये सगळेच काळे आहेत, जोडी एकही नाही, म्हणून आठ काळे: −८.

पाच-सहा उदाहरणं झाली की मुलाला विचारा, ‘मोजायच्या आधीच सांग, काळे उरणार की पांढरे?’ ज्या रंगाचे जास्त तो रंग उरणार, हे ते लगेच सांगतं. ‘वेगळी चिन्हं असतील तर मोठ्याचं चिन्ह’ हा नियम इथे त्याने न शिकवता मिळवला.

वजाबाकी: खरं काम इथे आहे

वजाबाकी म्हणजे उचलून नेणं. पहिलीपासूनचा हा अर्थ उणे संख्यांसाठीही जसाच्या तसा ठेवायचा, बदलायचा नाही.

सोप्यापासून सुरुवात करा. −५ − (−२): टेबलावर पाच काळे आहेत, त्यातले दोन काळे उचला. तीन काळे उरले, −३. इथे मुलं गडबडत नाहीत, कारण उचलायला हवे ते चिंचोके समोर आहेत.

आता ३ − (−२). टेबलावर ○○○. उचलायचे आहेत दोन काळे, पण काळा एकही नाही. इथे थांबा. लगेच सांगून टाकू नका. मुलाला जोड्यांची आठवण होऊ द्या. किंमत न बदलता काळे कुठून आणता येतील? दोन शून्याच्या जोड्या आणून ठेवायच्या:

○○○ ○● ○●

किंमत अजून +३ च आहे. आता दोन काळे उचला. उरले ○○○○○, म्हणजे +५. उणे दोन वजा केल्यावर संख्या वाढली. ती का वाढली हेही समोर दिसतंय: काळे गेले आणि त्यांचे जोडीदार पांढरे मागे राहिले.

मग सुरुवातीचं उदाहरण करा, −३ − ५. टेबलावर ●●●. उचलायचे आहेत पाच पांढरे. नाहीत, म्हणून पाच जोड्या आणा. पाच पांढरे उचलले की तीन जुने काळे आणि पाच मागे राहिलेले काळे, एकूण आठ. −८. ‘अधिक आठ’ म्हणणाऱ्या मुलाला हे एकदा हाताने करू दिलं, की समजावून सांगायला काही उरत नाही.

२ − ५ मध्ये थोडी गंमत आहे. पाच पांढरे उचलायचे आहेत, टेबलावर दोन आहेत. काही मुलं पाच जोड्या आणतात, काही तीनच आणतात. दोघांनाही −३ च मिळतं. दोन्ही पद्धती मांडून दाखवा आणि उत्तर सारखंच का आलं ते विचारा. जास्तीच्या दोन जोड्या टेबलावर तशाच पडून राहतात, त्यांची किंमत शून्य. ज्या मुलाला हे स्वतःला सांगता आलं, त्याला हा भाग कळला असं मी मानतो.

आता निरीक्षण. दोन काळे न्यायला दोन जोड्या आणल्या, काळे गेले, दोन पांढरे टेबलावर वाढले. पाच पांढरे न्यायला पाच जोड्या आणल्या, पांढरे गेले, पाच काळे वाढले. म्हणजे जे उचलायचं त्याची विरुद्ध संख्या टेबलावर येते. ‘वजा करायच्या संख्येची विरुद्ध संख्या मिळवा’ हा पुस्तकातला नियम तो हाच. मुलाने तो आपल्या शब्दांत वहीत लिहावा. यानंतर चिंचोके न मांडता गणितं सोडवायला हरकत नाही.

संख्यारेषा

वीसच्या पुढे चिंचोके पुरत नाहीत आणि पुरवूही नयेत. हजारभर चिंचोके कोण मोजणार? इथून संख्यारेषा लागते.

ती आधी उभी काढा, आडवी नंतर. वर जाणं म्हणजे वाढणं आणि खाली जाणं म्हणजे कमी होणं, हे मुलांना सांगावं लागत नाही. तापमापी उभीच असते. मॉलच्या लिफ्टमध्ये तळमजल्याच्या खालचे पार्किंगचे मजलेही खालीच असतात. −८ मोठी की −३ मोठी, या प्रश्नावर आडव्या रेषेसमोर मुलं चाचरतात, कारण ८ हा आकडा डोळ्यांत भरतो. उभ्या रेषेवर −८ सरळ खाली दिसते. एकदा हे बसलं की वही फिरवून आडवी करा. डावीकडे लहान, उजवीकडे मोठी.

बेरीज म्हणजे रेषेवरची चाल. −७ वर उभे राहा, ४ उजवीकडे चला, −३ वर पोहोचाल. इंग्लंडचा गणिती जॉन वॉलिस याने १६८५ मध्ये आपल्या बीजगणितावरच्या ग्रंथात हेच चित्र वापरलं होतं: एक माणूस ५ यार्ड पुढे गेला आणि ८ यार्ड मागे आला, तर निघाला तिथून तो किती पुढे आहे? तीन यार्ड मागे, म्हणजे −३.

वजाबाकीसाठी मात्र ‘तोंड फिरवा, मग उलटं चाला’ असले नियम रेषेवर शिकवू नयेत असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या वर्गात वेगळाच नियम असतो आणि चार दिवसांत दोन्ही विसरले जातात. रेषेवर वजाबाकीचा अर्थ ‘अंतर आणि दिशा’ असा घ्यावा. ३ − (−२) म्हणजे −२ पासून ३ पर्यंत जायला किती आणि कुठे चालावं लागेल? पाच, उजवीकडे. म्हणून +५. −२ − ३ म्हणजे ३ पासून −२ पर्यंत: पाच, डावीकडे, −५. दुसऱ्या संख्येपासून निघायचं आणि पहिलीवर पोहोचायचं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. चिंचोक्यांनी काढलेलं उत्तर आणि हे उत्तर जुळतंय का, ते तीन-चार गणितांत मुद्दाम तपासायला लावा.

हा अर्थ रोजच्या प्रश्नांना थेट लागू पडतो. समजा, लेहमध्ये पहाटे −१२ अंश होते आणि दुपारी ३ अंश. पारा किती चढला? −१२ पासून शून्यापर्यंत १२, शून्यापासून ३ पर्यंत ३, एकूण १५. लिहायचं ३ − (−१२) = १५. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली आहे. दोन्हींच्या उंचीतला फरक १६४६ − (−४३०), म्हणजे सुमारे २०७६ मीटर. उभी रेषा काढून मधोमध शून्य लिहिलं, की इथे बेरीज का करायची हे मुलाला विचारावं लागत नाही.

गुणाकार

३ × (−४) म्हणजे चार-चार काळ्यांचे तीन गट टेबलावर आणायचे. बारा काळे, −१२. रेषेवर हेच शून्यापासून डावीकडे चार-चारच्या तीन उड्या.

(−३) × ४ मध्ये मुलं विचारतात, ‘उणे तीन वेळा कसं आणायचं?’ प्रश्न रास्त आहे. ‘तीन वेळा’ म्हणजे तीन वेळा आणणं, तर ‘उणे तीन वेळा’ म्हणजे तीन वेळा उचलून नेणं. टेबलावर शून्य आहे, पण ते रिकामं ठेवायचं नाही, बारा जोड्यांच्या वेशात मांडायचं. त्यातून चार-चार पांढरे तीन वेळा उचलले की बारा काळे उरतात. −१२.

आणि (−३) × (−४)? पुन्हा बारा जोड्या मांडा. या वेळी चार-चार काळे तीन वेळा उचला. टेबलावर बारा पांढरे राहतात. +१२. उणे गुणिले उणे अधिक का, याचं हे पहिलं चित्र.

उधारीचं उदाहरण देऊन शिकवायची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे, आणि बेरजेपर्यंत ती चांगली चालते. पण गुणाकारात ‘तीन वेळा चार रुपयांची उधारी माफ’ असं म्हणताना मुलाच्या डोक्यात पैसे हातात आले की नाही हा वेगळाच प्रश्न सुरू होतो. म्हणून इथे चिंचोक्यांवरच थांबावं.

दुसरं चित्र मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात कुणाचं काही मानून चालावं लागत नाही. चौकटीच्या वहीत १० × १० चौकटींचा चौरस आखा. एकूण १०० चौकटी. आता उजवीकडच्या २ उभ्या रांगांवर उभ्या रेघोट्या मारा, आणि खालच्या ३ आडव्या रांगांवर आडव्या रेघोट्या मारा. रेघोट्या न लागलेला भाग ८ रुंद आणि ७ उंच आहे. म्हणजे ५६ चौकटी. मुलाला हवं तर मोजू द्या.

आता हिशोब करा. शंभरातून उभ्या दोन रांगांच्या २० चौकटी गेल्या, आडव्या तीन रांगांच्या ३० गेल्या. १०० − २० − ३० = ५०. पण समोर तर ५६ आहेत! सहा कुठे गेल्या? खालचा उजवा कोपरा बघा. तिथे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघोट्या पडून जाळी झाली आहे. तो २ × ३ चौकटींचा तुकडा दोनदा वजा झाला. एकदाच जायला हवा होता, म्हणून ६ परत मिळवायचे.

हेच चिन्हांत लिहिलं तर ८ म्हणजे १० − २ आणि ७ म्हणजे १० − ३. गुणाकाराचे चार तुकडे पडतात: १० × १० = १००, १० × (−३) = −३०, (−२) × १० = −२०, आणि (−२) × (−३). बेरीज ५६ यायची असेल तर शेवटचा तुकडा +६ शिवाय दुसरा असूच शकत नाही. ९ × ६ घेऊन हेच पुन्हा करा: १०० − १० − ४० = ५०, कोपरा १ × ४, उत्तर ५४. मुलाला आपल्या मनाने आणखी दोन उदाहरणं घेऊ द्या आणि प्रत्येक वेळी जाळीच्या कोपऱ्यावर बोट ठेवायला सांगा.

भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम नोंदवले, त्यात ऋण गुणिले ऋण म्हणजे धन हेही आहे. त्याच्या आधी चीनमध्ये मोजणीच्या काड्या वापरत. तिसऱ्या शतकातला चिनी गणिती लिऊ हुई याने एका जुन्या गणितग्रंथावर लिहिलेल्या भाष्यात लाल काड्या धन संख्यांसाठी आणि काळ्या ऋण संख्यांसाठी अशी मांडणी दिली आहे. दोन रंगांनी शिकवणं हे लहान मुलांपुरतं सोपं करणं आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना हे सांगा. भलेभले गणिती असाच हिशोब करत होते.

भागाकार

−१२ ÷ ३: बारा काळे तीन सारख्या वाट्यांत घाला, प्रत्येकीत चार काळे, −४. −१२ ÷ (−४): बारा काळ्यांतून चार काळ्यांचे किती गट निघतात? तीन.

१२ ÷ (−४) ला मात्र चित्र ओढूनताणून लावू नका. बारा पांढऱ्यांतून काळ्यांचे गट निघत नाहीत आणि उणे चार वाट्या नसतात. इथे उलटा प्रश्न विचारायचा: −४ ला कशाने गुणलं की १२ होतात? गुणाकार पक्का असेल तर −३ हे उत्तर लगेच येतं. पुढे सगळेच भागाकार असे सोडवावेत. चित्र कुठे थांबतं हे मुलाला मोकळेपणाने सांगावं, त्याचा चित्रावरचा विश्वास त्यामुळे कमी होत नाही.

सराव कसा घ्यायचा

एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने देऊ नका, मूल दुसऱ्या गणितापासून विचार करणं थांबवतं. एकमेकांसारखी दिसणारी पण वेगळी गणितं शेजारी ठेवा: −३ − ५, −३ × (−५), −३ − (−५), −३ + ५. उत्तरं अनुक्रमे −८, १५, २, २. शेवटच्या दोघांचं उत्तर सारखं का, ते चिंचोक्यांनी दाखवायला सांगा.

उत्तर चुकलं तर नियम आठवून देण्याऐवजी ‘मांडून दाखव’ एवढंच म्हणा. मांडताना चूक कुठे झाली ते त्यालाच दिसतं. आणि कधी कधी उलटा प्रश्न द्या: टेबलावर सात काळे आणि चार पांढरे मांडून विचारा, ‘हे कोणकोणत्या गणितांचं चित्र असू शकेल?’ −७ + ४ तर आहेच, पण −३ मध्ये चार जोड्या टाकून कशाची तरी वाट बघणारी वजाबाकीही असू शकते. अशा प्रश्नांत मुलं किती लांब जातात ते बघण्यासारखं असतं.

अपूर्णांक आणि दशांश आले की चिंचोके डब्यात ठेवा. −२.५ + ४ साठी रेषाच बरी: अडीच चालून शून्यावर, उरलेलं दीड पुढे, १.५. चौकटीच्या वहीतलं ते पान मात्र फाडू नका. आठवीत विस्तार सूत्रं येतात, तेव्हा दहाच्या जागी क्ष लिहा. क्ष लांबीच्या चौरसातून २ रुंदीची उभी आणि ३ उंचीची आडवी अशा दोन पट्ट्या काढल्या की क्ष² − ५क्ष + ६ मिळतं, आणि त्यातला +६ म्हणजे तोच जाळीचा कोपरा.